खुर्द्याचा हिशेब

गेल्या वर्षी आमच्यापैकी एकाच्या मूळ गावी, सातारा जिल्ह्यात, एक स्मरणिका निघाली. गावातील आजी-माजी सैनिकांची माहिती मागवण्यात आली होती. पहिल्या महायुद्धात गेलेल्या पणजोबांविषयी आम्ही चार ओळी लिहून पाठवल्या. त्यांतली शेवटची ओळ अशी होती : 'कुत-अल-अमाराच्या शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत १९१६ साली मृत्यू, ठिकाण व कारण अनिश्चित.' स्मरणिका हाती आली तेव्हा ही ओळ तिच्यात नव्हती. तिच्या जागी छापले होते : 'तुर्कांशी लढता लढता रणांगणावर वीरमरण.'

आम्ही विचारणा केली. उत्तर मोठ्या आपुलकीने मिळाले. 'सर, कैदेत मेले असं कसं छापायचं? घरच्यांनाच कमीपणा.' घरचे आम्हीच होतो, आणि ती ओळ आम्हीच लिहिली होती, हे सांगूनही उपयोग झाला नाही.

एका गावच्या स्मरणिकेशी भांडण करण्याकरिता हा लेख लिहिलेला नाही. त्या संपादकांनी जे केले ते आपण सगळेच करीत आलो आहोत. त्यांनी फक्त ते आमच्या डोळ्यांदेखत केले. आमचे म्हणणे असे की, 'वीरमरण' हा शब्द आपल्याकडे मृत्यूचे वर्णन करीत नाही. मृत्यूविषयीची चौकशी बंद करतो. युद्धात मेलेला पूर्वज नेमका कसा मेला, हे विचारणे म्हणजे त्याचा अवमान, अशी एक समजूत या शब्दाच्या आडोशाने रुजली आहे. आणि ती खोडून काढण्याची साधने ज्यांच्या हाती आहेत, त्या साहित्याच्या अभ्यासकांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, या कामाकडे सपशेल पाठ फिरवली आहे.

आधी शोधाची हकीकत सांगतो. आमच्यापुढे तीन पाठ होते, असे म्हटले तर आमच्या वाचकांना ते लगेच उमगेल.

पहिला पाठ तोंडी. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई की, पणजोबा 'बगदादच्या लढाईत पडले'. पण याच घरात त्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होत आले आहे. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचे श्राद्ध या दिवशी करतात, हे सर्वांना माहीत आहे. त्याच पंधरवड्यात चतुर्दशीला शस्त्रादिहतांचे श्राद्ध असते. शस्त्राने मरण आलेल्यांचा तो दिवस पंचांगात वेगळा छापलेला असतो. ज्या पणजीने हा दिवस पहिल्यांदा ठरवला किंवा भटजींकडून ठरवून घेतला, तिने चतुर्दशी सोडून अमावास्या धरली. हा पुरावा नव्हे, हे आम्हांला कळते. पण मुलांना सांगायची गोष्ट एक आणि पितरांपुढे मांडायचे पान दुसरे, एवढे अंतर त्या निरक्षर बाईने राखले असावे, असे मानायला जागा आहे.

दुसरा पाठ लेखी, तोही घरातच. देवघरातल्या एका पत्र्याच्या डबीत पणजीच्या पेन्शनचा एक कागद घडी करून ठेवलेला होता. तो इंग्रजीत होता आणि त्याची पूजा होत होती. घरातल्या कोणालाही तो शंभर वर्षांत वाचता आला नव्हता; ज्यांना पुढे येऊ लागला त्यांना तो वाचावासा वाटला नव्हता. त्याच्यावर मृत्यूच्या कारणापुढे एका कारकुनाने युद्धकैदी असताना मृत मानल्याचा शेरा मारला आहे. म्हणजे आम्ही ज्याच्या शोधात कुठे कुठे हिंडलो ते उत्तर हळदीकुंकवाचे डाग अंगावर घेऊन घरातच बसले होते.

तिसरा पाठ सरकारी. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची मृतांची यादी आता संगणकावर शोधता येते. पण तिथे नाव शोधणे हे एखाद्या हस्तलिखिताचे पाठभेद जुळवण्यासारखेच काम आहे. शिपायाचे नाव कोणा कारकुनाने कानाला जसे लागले तसे रोमन लिपीत उतरवलेले. त्यामुळे पवारांचा पोवार होतो, जाधवांचा जादव होतो, कधी बापाचे नाव गळते, कधी गावाचे. आमच्या पणजोबांचे आडनाव तालुक्यातल्या दर तिसऱ्या घराचे आहे. एकाच नावाचे अनेक शिपाई, एकाच पलटणीत, एकाच वर्षी मेलेले सापडले. शेवटी पेन्शनच्या कागदावरचा शिपाई क्रमांक जुळला : ११० वी मराठा लाइट इन्फंट्री, मृत्यूची तारीख १९१६ च्या शरदातली, स्मरणस्थान बसरा.

या तारखेने घरातील गोष्ट कोसळली. ते कसे, हे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

नोव्हेंबर १९१४ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जी हिंदी फौज उतरली ती प्रामुख्याने सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनची होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बसरा, शैबा, पुढे टायग्रिसच्या काठाने वर वर सरकत नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे तेसिफोन येथे मोठी लढाई झाली आणि फौजेला मागे हटावे लागले. जनरल टाउनशेंड यांनी ३ डिसेंबरला कुतच्या वळणात मुक्काम ठोकला. लवकरच वेढा पडला. तो १४७ दिवस चालला. वेढा फोडण्यासाठी बाहेरून आलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसे मेली वा जखमी झाली, आणि तरीही २९ एप्रिल १९१६ रोजी आतल्या सुमारे १३,००० लोकांना शस्त्रे खाली ठेवावी लागली. वेढ्याच्या अखेरच्या महिन्यांत घोडे कापून खाण्याची वेळ आली. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी एप्रिलपर्यंत ते मांस नाकारले आणि स्कर्व्हीने त्यांची शरीरे पोखरली.

पणजोबांची तारीख या शरणागतीनंतरची आहे. तेवढ्यावरून ते कैदेत होते असे म्हणता आले नसते, कारण कुतबाहेर राहिलेल्या आणि नव्याने आलेल्या मराठा शिपायांची एक संमिश्र पलटण मदतीच्या फौजेत होती. पण तारीख आणि पेन्शनच्या कागदावरचा शेरा एकत्र ठेवला की दुसरा अर्थ उरत नाही. बगदादच्या रणांगणावर ते पडले नाहीत. बगदाद त्यांनी पाहिले असेल तर कैदी म्हणून पाहिले.

शरणागतीनंतर कैद्यांना बगदादमार्गे समाऱ्यापर्यंत नेण्यात आले आणि पुढे वाळवंटातून मोसुलकडे, तिथून रास-अल-ऐनकडे पायी हाकण्यात आले. उपाशी, हगवणीने बेजार झालेली, बूट फाटलेली माणसे. जी उरली त्यांतल्या हिंदी शिपायांपैकी बहुतेकांना रास-अल-ऐनच्या परिसरात बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक कैदेत मेले. हिंदी शिपायांपैकी जे मेल्याची नोंद झाली त्यांच्याखेरीज शेकडो असे होते की ज्यांचा पुढे कधी पत्ताच लागला नाही. जनरल टाउनशेंड यांना मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला. १९२० मध्ये त्यांचे आत्मसमर्थनाचे पुस्तकही प्रसिद्ध झाले.

आता या माणसांची आठवण कशी ठेवली गेली ते पाहा. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या वाचताना एक गोष्ट सतत खटकते. चकमकीत अधिकारी पडला तर त्याचे नाव येते. शिपाई पडले तर आकडा येतो. हीच रीत पुढे दगडात कोरली गेली. बसऱ्याचे स्मारक १९२९ मध्ये उघडले गेले. ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा ४०,००० हून अधिक माणसांचे ते स्मारक. हिंदुस्थानातून नेलेल्या पांढऱ्या दगडाची ऐंशी मीटर लांब ओवरी, आणि तिच्यामागच्या भिंतीवर पाटीच्या दगडाचे फलक. त्यांवर ब्रिटिश शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा आहे : आणि इतर इतके हिंदी शिपाई. आमचे पणजोबा त्या 'इतर'मध्ये आहेत. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उघडलेल्या स्मारकावर मात्र ४,७०० हून अधिक हिंदी मृतांची नावे कोरलेली आहेत. तेच साम्राज्य, तेच शिपाई. पण युरोपात मेला तर नाव, इराकात मेला तर आकडा. आयोगाच्याच विशेष समितीने एप्रिल २०२१ मध्ये हे कबूल केले : ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमानतेने झाले, आणि आणखी किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांचे स्मरण नावाने झाले नाही किंवा मुळीच झाले नाही. इंग्लंडच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली.

येथे वाचक साम्राज्यावर संतापतील आणि लेख संपला असे समजतील. आमचा लेख खरे तर येथून सुरू होतो.

पानिपतच्या पराभवाची बातमी पेशव्यांना ज्या सांकेतिक निरोपाने कळली असे सांगतात, तो निरोप मराठीच्या प्रत्येक पदवीधराला पाठ असतो. मोती किती गेले ते त्यात मोजलेले आहे, मोहरा किती गेल्या तेही मोजलेले आहे. रुपये आणि खुर्दा मात्र गणतीच्या बाहेर. त्या निरोपातील सांकेतिकतेचे आणि संयमाचे कौतुक आम्ही वर्षानुवर्षे वर्गात केले. मोजदादीची ही रीत बसऱ्याच्या फलकांवर जशीच्या तशी उतरलेली आहे, हे मात्र बसऱ्याची छायाचित्रे पाहीपर्यंत आमच्या लक्षात आले नाही. इंग्रजांनी ती आपल्याकडून उचलली असे आम्ही म्हणत नाही. सगळ्याच सत्ता असा हिशेब ठेवतात. पण आपल्या परंपरेत तो हिशेब इतका सवयीचा झाला की, त्याला आपण शैलीचे सौंदर्य म्हणून शिकवतो.

त्याच परंपरेत दुसरी धारही आहे. पानिपतावर सदाशिवरावभाऊ नेमके कसे पडले, याचा शोध कितीतरी वर्षे चालू राहिला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने आपल्या फारसी वृत्तान्तात प्रेताची ओळख पटवण्याची हकीकत बारकाईने दिली. तरीही पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्याभोवती माणसे जमली, राज्य हादरले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांना त्यावर नाटक लिहावेसे वाटले. म्हणजे 'कसा मेला?' हा प्रश्न मराठी वाङ्मयाला परका नाही. तो मोत्यांबाबत विचारला गेला, एवढेच. खुर्द्याबाबत तो विचारायचा म्हटले की आपल्याला 'वीरमरण' आठवते.

यावर तीन आक्षेप आम्ही प्रत्यक्ष ऐकले आहेत.

पहिला आक्षेप एका चर्चासत्रातला : हा विषय इतिहास विभागाचा, मराठीवाल्यांनी यात पडू नये. आम्ही विचारतो, तोंडी कथा, कारकुनी नोंद आणि कोरीव लेख या तीन पाठांतील विसंगती ओळखणे, त्यांतला पूर्वीचा कोणता आणि घातलेला कोणता हे ठरवणे, एका शेऱ्यातल्या कर्मणी प्रयोगाआड कोण लपले आहे ते पाहणे, हे कोणाचे काम आहे? पाठचिकित्सा आपण ज्ञानेश्वरीपुरती शिकवायची आणि पणजीच्या पेन्शनच्या कागदावर ती चालवायची नाही, असा नियम कोणी केला? मोडीतली पत्रे वाचण्याचा दीर्घ वारसा आपण सांगतो. ज्या समाजातून हे शिपाई गेले त्या समाजाच्या घरांतील कागद मात्र वारशात मोजत नाही.

दुसरा आक्षेप स्मरणिकेचा : कैदेतला मृत्यू कमीपणाचा. हा आक्षेप आम्हांला सर्वांत क्रूर वाटतो. शैबाला किंवा तेसिफोनला जे मराठे शिपाई गोळी लागून पडले त्यांच्याविषयी 'वीरमरण' म्हणावे; ते खरे आहे. पण जो १४७ दिवस वेढ्यात अर्धपोटी राहिला, सेनापतीने शस्त्रे ठेवायला सांगितली म्हणून ज्याने ठेवली, आणि नंतर जो उन्हातून शेकडो मैल चालला, त्याने काय कमी केले? त्याच्या वाटणीचे हाल पुसून त्याला दुसऱ्याच्या वाटणीचे शौर्य बहाल करणे हा सन्मान नव्हे. खोटा दागिना अंगावर चढवून खरे अंग झाकण्याचा हा प्रकार आहे. शिवाय या शब्दाने ज्यांना मोकळे सोडले त्यांची यादी पाहा. वीरमरणाला जबाबदार फक्त शत्रू असतो. हगवणीने आलेल्या मरणाला जबाबदार कोण, असे विचारले की रसद कोणी पुरवली नाही, औषधे कोठे अडली, वेढ्यात फौज कोणी अडकवली, हे सगळे प्रश्न उभे राहतात. इंग्रजांच्याच मेसोपोटेमिया कमिशनने १९१७ मध्ये जखमींच्या हालअपेष्टांवर इतका कडक अहवाल दिला की भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. ज्यांची माणसे मेली त्या आपण मात्र तेवढीही चौकशी मागितली नाही. आपण पोवाड्याची भाषा वापरली आणि गप्प बसलो.

तिसरा आक्षेप पुरोगामी मित्रांचा : साम्राज्याच्या पगारी शिपायाचे कसले एवढे संशोधन? तो कोणाच्या स्वातंत्र्यासाठी लढला? प्रश्न योग्य आहे, पण तो प्रश्न विचारण्यासाठीसुद्धा आधी त्या शिपायाची हकीकत हाती असावी लागते. कोरडवाहू जमीन, घरातला दुसरा मुलगा, पलटणीचा पगार आणि पेन्शनची आशा : हे सगळे त्याच्या मरणाच्या कारणांतच मोडते. मेसोपोटेमियात गेलेल्या जवळजवळ सहा लाख हिंदी माणसांपैकी निम्मी तर लढाऊ शिपाईही नव्हती; ती हमाल, खेचरवाले, भिस्ती, डोलीवाले अशी होती. वीरमरणाच्या भाषेत त्यांना जागा नाही आणि क्रांतीच्या भाषेतही त्यांना जागा नाही. त्यांच्या वाट्याला दोन्हीकडून आकडाच येतो.

तेव्हा काय करावे? आमची मागणी मोठी नाही. पंजाबच्या सुमारे ३,२०,००० शिपायांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात शंभर वर्षे पडून होत्या. काही चिकाट माणसांनी त्या २०२१ पासून लोकांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. आपल्याकडे अनेक गावांत चावडीपाशी किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते : या गावातून महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचेही नाही. पदव्युत्तर वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या पंचक्रोशीतली अशी एक पाटी घ्यावी आणि त्या दुसऱ्या आकड्यामागची नावे शोधावीत. घरात काय सांगतात, श्राद्ध कोणत्या तिथीला होते, डबीत कोणता कागद आहे, सरकारी यादीत काय आहे, हे चारही शेजारी शेजारी लिहावे आणि ते जुळत नसतील तर जुळवू नयेत. लघुप्रबंधाच्या नावाखाली एकाच कादंबरीतील स्त्रीचित्रणावर नव्वद पाने भरण्यापेक्षा हे काम वाङ्मयाच्या अधिक जवळचे आहे, असे आम्ही जबाबदारीने म्हणतो.

शेवटी एक घरगुती प्रसंग. पणजोबांचे नातू, म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील, आज पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत. आजोबा 'बगदादच्या लढाईत पडले' हे त्यांनीच आयुष्यभर आम्हांला सांगितले होते. पेन्शनच्या कागदाचा अर्थ आम्ही त्यांना जरा चाचरतच सांगितला. ते रागावतील किंवा खचतील असे वाटले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, 'म्हणजे उपाशी होते का ते?'

त्या माणसाविषयी त्या घरात शंभर वर्षांत विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. वीरमरण आलेल्या आजोबांविषयी तो कधी कोणाच्या मनात आला नसता. आम्ही त्यांना 'हो' म्हणून सांगितले, वेढ्याचे दिवस सांगितले, पायी चालण्याची वाट नकाशावर दाखवली. त्यांनी स्मरणिका मागवून घेतली, छापलेल्या ओळीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात आमची मूळची ओळ स्वतःच्या हाताने लिहिली. 'अनिश्चित' या शब्दाशी त्यांचा हात थांबला होता. तोही त्यांनी लिहिला.